40 जहाजं एकत्र, तरी सापडत नाहीत: 1939-40 च्या कॉन्व्हॉयमधला रोजचा दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षातल्या अटलांटिक कॉन्व्हॉयच्या (राखणीत एकत्र जाणाऱ्या व्यापारी जहाजांच्या ताफ्याच्या) रोजच्या नोंदी वाचायला घेतल्या, तर पानामागून पानं "विशेष काही नाही", "धुकं", "अमुक जहाज मागे पडलं" एवढंच. मग युद्ध चाललं होतं कुठे? आणि चाळीस-चाळीस जहाजं एकत्र बांधून ताशी 16-17 किलोमीटरनं नेणं म्हणजे पाणबुड्यांना आयतं सावज देणं नव्हतं का? यात मुंबईचा काही संबंध होता का?

मी नौदलात पाणबुडीविरोधी शाखेत होतो आणि एडनच्या आखातात व्यापारी जहाजांना सोबत देण्याचं कामही केलं आहे. तेव्हा ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, उभं राहणाऱ्या माणसाला या नोंदी कशा दिसतात, ते सांगतो.

आधी सावजाचा हिशेब. पाणबुडीवरच्या टेहळ्याचे डोळे पाण्यापासून जेमतेम चार-पाच मीटर उंच असतात. स्वच्छ हवेत एकट्या जहाजाचा धूर किंवा डोलकाठी त्याला साधारण 10 मैलांवरून दिसते असं धरा. चाळीस जहाजांचा कॉन्व्हॉय सुमारे चार मैल रुंद असायचा. त्याच्या मध्यापासून मोजलं तर तो 12 मैलांवरून दिसेल. शोधणाऱ्याचा फायदा झाला तो एवढाच, दोन मैलांचा. तीच चाळीस जहाजं सुटी सोडली तर दहा-दहा मैलांची चाळीस वर्तुळं समुद्रभर हिंडत राहतात आणि त्यातलं एखादं पाणबुडीच्या वाटेत येतंच. एकत्र बांधली की वर्तुळ उरतं एकच. पाणबुडी आठवडाभर गस्त घालते आणि तिला काही म्हणता काही दिसत नाही. दिसलाच कॉन्व्हॉय, तरी तिच्या पुढच्या बाजूला टॉर्पेडोच्या नळ्या चार. त्या पुन्हा भरेपर्यंत बाकीची जहाजं निघून गेलेली असतात.

म्हणून नोंदवहीतलं "विशेष काही नाही" हा अपेक्षित निकाल होता. 1939 च्या अखेरीपर्यंत जर्मन पाणबुड्यांनी 114 जहाजं बुडवली. त्यातली बहुतेक एकटीदुकटी जाणारी. याच चार महिन्यांत पाच हजारांहून जास्त जहाजं कॉन्व्हॉयमधून गेली आणि त्यातली पाणबुड्यांनी बुडवलेली हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी. अर्थात जर्मनांकडेही तेव्हा बोटी कमी होत्या. युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डोनित्झ याच्याकडे 57 पाणबुड्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्याही खुल्या अटलांटिकमध्ये लढायच्या लायकीच्या नव्हत्या. जेवढ्या होत्या त्यातली काही गस्तीवर, काही जाण्यायेण्यात आणि काही दुरुस्तीत. प्रत्यक्ष शिकारीला हजर असायच्या त्या थोड्याच.

गंमत म्हणजे हा धडा ब्रिटिशांनी 1917 मध्ये एकदा भरपूर किंमत मोजून शिकलेला होता. तरीही 1939 मध्ये "बचाव काय करत बसायचा, शिकार करू" हा मोह सुटला नव्हता. चर्चिल तेव्हा नौदलाचे मंत्री होते आणि त्यांना शोध-पथकांचं फार आकर्षण. विमानवाहू जहाज आणि सोबत थोड्या विनाशिका घेऊन पाणबुड्या धुंडाळत फिरायचं. 14 सप्टेंबरला 'आर्क रॉयल' ही विमानवाहू नौका टॉर्पेडोतून थोडक्यात वाचली. हल्ला करणारी यू-39 तिच्या सोबतच्या विनाशिकांनी बुडवली, ती युद्धात गमावलेली पहिली जर्मन पाणबुडी. तीनच दिवसांनी 17 तारखेला 'करेजस' हे विमानवाहू जहाज यू-29 नं बुडवलं आणि पाचशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर विमानवाहू जहाजं या कामातून काढून घेतली. माझ्या मते या दोन घटनांत सगळं उत्तर आहे. पाणबुडी शोधत हिंडण्यापेक्षा तिला ज्याच्याजवळ यावंच लागतं त्याच्याजवळ उभं राहणं शहाणपणाचं. समुद्रात दुसरीकडे ती शोधायची कुठे?

आता रोजचा दिवस. त्याची सुरुवात बंदरात व्हायची. 16 सप्टेंबर 1939 ला कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून एचएक्स-1 हा कॉन्व्हॉय निघाला. पुढे अशा कॉन्व्हॉयची रांगच लागली. निघण्याआधी सगळ्या कप्तानांची बैठक. एक नौदल अधिकारी मार्ग, वेग, मागे पडलेल्यांनी गाठायची ठिकाणं आणि वायरलेस बंद ठेवण्याचे नियम समजावायचा. गुप्त कागद जड पिशवीत, म्हणजे वेळ आली तर पाण्यात टाकता यावेत. कॉन्व्हॉयचा कमोडोर बहुधा निवृत्त ॲडमिरल असायचा. साठीच्या घरातले हे गृहस्थ घरी स्वस्थ बसायचे सोडून कुठल्यातरी मालवाहू बोटीच्या ब्रिजवर मूठभर सिग्नलवाले घेऊन चढायचे. जहाजं कशी चालायची हे कमोडोर ठरवणार, लढायचं कसं हे एस्कॉर्टचा, म्हणजे राखणीच्या युद्धनौकांचा, कप्तान. एस्कॉर्टचा कप्तान हुद्द्यानं लहान आणि कमोडोरच्या मुलाच्या वयाचा असला तरी बचावाच्या बाबतीत शब्द त्याचा. ही वाटणी कागदावर विचित्र दिसते, पण चालली.

रचना आडवी असायची: नऊ-दहा रांगा शेजारी शेजारी आणि प्रत्येक रांगेत फक्त चार-पाच जहाजं. दोन रांगांमध्ये सुमारे पाच केबल, म्हणजे नऊशे मीटरच्या आसपास. रांगेत पुढच्या-मागच्या जहाजात दोन केबल, पावणेचारशे मीटर. रुंदी चार मैल आणि लांबी मैलभरही नाही. असं का? पाणबुडीला टॉर्पेडो मारायला जहाजाची कूस हवी असते. आडव्या रचनेत कुशीकडून फार थोडी जहाजं समोर येतात. तेलाची आणि दारूगोळ्याची जहाजं मधल्या रांगांत. प्रत्येकाला क्रमांक: 43 म्हणजे चौथ्या रांगेतलं तिसरं.

हे सगळं व्यापारी कप्तानांना जमवायचं होतं, आणि त्यांचं आयुष्य दुसऱ्या जहाजापासून लांब राहण्यात गेलेलं! ज्याला दोन मैलांवर दुसरं जहाज दिसलं की अस्वस्थ वाटतं त्याला सांगायचं, रात्री दिवे मालवून पुढच्याच्या मागे पावणेचारशे मीटरवर राहा. पुढच्याच्या पिछाडीवर एक मंद निळा दिवा, बस. जुन्या वाफेच्या इंजिनाचा वेग बारीकसारीक बदलता येत नाही. ब्रिजवरून नळीत तोंड घालून "दोन फेरे वाढवा", "एक कमी करा" असं रात्रभर चालायचं. माल भरलेलं जहाज वेग कमी केला तरी लगेच थांबत नाही, आणि रिकामं वाऱ्यानं बाजूला ढकललं जातं. आजच्या रडारच्या काळातही रांगेत जहाज ठेवणं हे वॉचवरच्या अधिकाऱ्याला थकवणारं काम आहे. तेव्हा व्यापारी जहाजांवर रडार नव्हतंच.

पहाट झाली की पहिलं काम मोजणी. संध्याकाळी 38 होती, आता 35 का? कुणाचं इंजिन बिघडलं, कुणी रात्रीचं वळण चुकलं, कुणी धुक्यात भलतीकडे गेलं. मागे पडलेलं जहाज हीच पाणबुडीची खरी मेजवानी, म्हणून कमोडोरचे झेंडे दिवसभर बहुधा याच कारणासाठी फडकायचे: जागा सांभाळा, अंतर मिटवा, धूर कमी करा. धुरावरून तर भांडणंच. काळा धूर तीस-तीस मैलांवरून दिसतो, पण बॉयलरमध्ये हलका कोळसा आला तर खालचा आगवाला तरी काय करणार? दुपारी बारा वाजता सूर्य सापडला तर स्थान काढायचं आणि झेंड्यांनी एकमेकांशी ताडून पाहायचं. धुक्यात प्रत्येक जहाज मागे दोरानं एक तरंगतं लाकूड किंवा पिंप ओढत न्यायचं. ते पाणी उडवतं आणि मागचा त्या फवाऱ्यावर नजर ठेवून चालतो. कचरा दिवसा टाकायला बंदी, कारण तरंगणाऱ्या खोक्यांची माळ म्हणजे शत्रूला दिलेला पत्ता. अंधार पडल्यावर सगळ्यांनी एकदम मोठं वळण घ्यायचं, दिवसा कुणी लांबून पाहिलं असेल तर त्याचा अंदाज चुकावा म्हणून.

एस्कॉर्टवाल्यांचा दिवस वेगळा. त्यांचा पहिला शत्रू इंधन. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या विनाशिका उत्तर समुद्रासाठी बांधलेल्या, त्यांची झेप छोटी. त्यामुळे लिव्हरपूलहून बाहेर जाणाऱ्या कॉन्व्हॉयला सुरुवातीला पश्चिम रेखांश 12 ते 15 अंशांपर्यंतच सोबत मिळायची. 1940 च्या जुलैत ती 17 आणि ऑक्टोबरात 19 अंशांपर्यंत गेली. तिथं जहाजं पांगायची आणि विनाशिका आत येणाऱ्या कॉन्व्हॉयला गाठायला वळायच्या. ही गाठभेट कागदावर सोपी. प्रत्यक्षात आलेल्याला चार दिवस सूर्य दिसलेला नाही, गाठणाऱ्यालाही नाही, दोघांच्या अंदाजात तीस-चाळीस मैलांचा फरक आणि वायरलेस वापरायची बंदी. नोंदवहीत "कॉन्व्हॉय भेटला नाही, शोध चालू" असं वाचलं की मला त्या कप्तानाची दया येते. इंधनाचा काटा खाली जाताना तो नकाशावर चौकोन काढत बसलेला असणार.

दुसरं, ॲस्डिक. आजच्या सोनारचा आजोबा: पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणारं यंत्र. ब्रिटिश नौदलाचा त्याच्यावर फाजील विश्वास होता. चांगल्या परिस्थितीत पल्ला दीड-दोन हजार मीटर. खराब समुद्रात त्याहून कितीतरी कमी. व्हेल, माशांचे थवे, बुडालेली जहाजं, सगळ्यांचे प्रतिध्वनी येतात. पाणबुडीच्या अगदी जवळ गेलं की ध्वनीचा झोत तिच्यावरून निघून जातो आणि शेवटचे काही क्षण तुम्ही आंधळे. नेमके तेव्हाच डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकायचे असतात. (अरबी समुद्रात काम केलेल्या कुणालाही विचारा: दुपारी ऊन चढलं की वरचं पाणी तापतं, ध्वनी खाली वाकतो आणि सकाळी छान चाललेला सोनार मुका होतो. आपला संच बिघडला असं नव्या पोरांना वाटतं.) पण सगळ्यात मोठी उणीव ही की पाण्यावर तरंगणारी पाणबुडी ॲस्डिकला जवळपास ऐकूच येत नाही.

डोनित्झनं हीच फट पकडली. त्याची सातव्या प्रकारची पाणबुडी पाण्याखाली फार तर साडेसात नॉटनं (ताशी सुमारे 14 किलोमीटर) आणि तेही तासभरच पळू शकायची. दिवसा बुडालेल्या अवस्थेत ती नऊ नॉटच्या कॉन्व्हॉयच्या पुढे असेल तरच काही करू शकते. मागे राहिली की खेळ संपला. पण पृष्ठभागावर ती 17 नॉट जाते, आणि कॉर्व्हेट या राखणीच्या नव्या छोट्या युद्धनौका 16. रात्री तिचा बुटका मनोरा लाटांत दिसत नाही.

1940 च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि 7 जुलैला यू-30 लोरियाँ बंदरात शिरली. जर्मन बंदरांतून स्कॉटलंडला वळसा घालण्याचे कित्येक दिवस वाचले, म्हणजे तेवढ्याच बोटी जास्त दिवस गस्तीवर. त्याच वेळी ब्रिटिश विनाशिका डंकर्क-नॉर्वेत घायाळ झालेल्या, उरलेल्या आक्रमणाच्या भीतीनं दक्षिण किनाऱ्यावर अडकलेल्या. ऑक्टोबरात याचं बिल आलं.

एससी-7 हा संथ कॉन्व्हॉय 5 ऑक्टोबरला केप ब्रेटन बेटावरच्या सिडनीहून निघाला. 35 जहाजं, त्यातली बरीच जुनाट. घाटात सगळ्यात जड ट्रकच्या मागे रांग सरकते तसं. वेग सगळ्यात मंद जहाजाचा. महासागराच्या बहुतांश वाटेवर 'स्कार्बरो' ही एकच स्लूप, म्हणजे राखणीची छोटी युद्धनौका. शेवटच्या टप्प्यात राखणीची आणखी जहाजं येऊन मिळाली, पण ही राखणीची जहाजं एकमेकांबरोबर कधी काम केलेली नव्हती. हल्ला झाला तेव्हा कोण कुठे जाणार, बुडणाऱ्यांना कोण उचलणार, हे काहीच ठरलेलं नव्हतं. एस्कॉर्ट माणसं वाचवायला थांबली की तेवढी भिंत उघडी. जर्मन कप्तान क्रेचमर यू-99 ही पाणबुडी घेऊन सरळ रांगांच्या आत शिरला आणि आतून मारू लागला. एकूण 20 जहाजं गेली. लगेच पुढच्या रात्री मागून येणाऱ्या एचएक्स-79 वर पाळी आली: 49 पैकी 12. आणि इथं दोन विनाशिका, चार कॉर्व्हेट, काही ट्रॉलर (शस्त्रं बसवलेल्या मासेमारी बोटी) अशी बऱ्यापैकी सोबत होती. एकही पाणबुडी बुडाली नाही.

एससी-7 ची कहाणी सगळे सांगतात, पण शिकण्यासारखं एचएक्स-79 मध्ये जास्त आहे. एस्कॉर्टची संख्या पुरेशी असूनही उपयोग झाला नाही, कारण ती एक तुकडी नव्हती. तीच माणसं, तेच कप्तान महिनोन्महिने एकत्र, एक शब्द उच्चारला की प्रत्येकाला आपली जागा माहीत, असे कायमचे एस्कॉर्ट गट यानंतर उभे राहिले. फेब्रुवारी 1941 मध्ये वेस्टर्न अप्रोचेस कमांड (ब्रिटनच्या पश्चिमेकडच्या समुद्राची राखण करणारी नौदलाची कमांड) प्लिमथहून लिव्हरपूलला हलली, तीही कॉन्व्हॉय जिथून जातात तिथं बसून लढाई चालवावी म्हणून.

कॉन्व्हॉय फुकट नव्हता, हेही सांगायला हवं. जहाजं गोळा होईपर्यंत बंदरात वाट पाहायची, मग सगळ्यात संथ जहाजाच्या चालीनं जायचं आणि सगळी एकदम पोचली की गोदीत गर्दी. एकही जहाज न बुडता वर्षभरात वाहून नेलेला माल कमी होतो. म्हणूनच जलद जहाजांना सुटं जाऊ द्यायचं की नाही यावर सतत वाद चालले. किनाऱ्याजवळ तर प्रश्न पाणबुडीचा नव्हताच. थेम्स ते फोर्थ हा ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्याचा पट्टा सुरुंग काढलेल्या चिंचोळ्या वाटेनं दोन रांगांत कापायचा. नोव्हेंबर 1939 मध्ये चुंबकीय सुरुंगांनी तिथं हाहाकार केला, तो 23 तारखेला शूबरीनेसच्या चिखलात एक सुरुंग सापडून उव्हरी नावाच्या अधिकाऱ्यानं तो उलगडेपर्यंत.

आता मुंबई. 23 नोव्हेंबर 1939 ला आइसलंड आणि फेरो बेटांच्या दरम्यान 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाउ' या दोन जर्मन युद्धनौकांसमोर एकटी उभी राहून बुडालेली 'रावळपिंडी' ही मुळात पी अँड ओ कंपनीची मुंबईच्या टपाल मार्गावरची प्रवासी बोट. जुन्या सहा इंची तोफा बसवून तिला लढाऊ बनवलेलं. 238 माणसं गेली. तिची बहीण 'राजपुताना', जिच्यातून गांधीजी ऑगस्ट 1931 मध्ये गोलमेज परिषदेला मुंबईहून निघाले, तीही अशीच तोफा बसवून कॉन्व्हॉयची राखण करत होती. एप्रिल 1941 मध्ये पाणबुडीनं बुडवली. या बोटी पाणबुडीविरुद्ध निरुपयोगी होत्या, त्या होत्या पृष्ठभागावरच्या छापेमार जहाजांसाठी. 5 नोव्हेंबर 1940 ला एचएक्स-84 वर 'ॲडमिरल शेअर' चालून आली तेव्हा 'जर्व्हिस बे'नं स्वतः बुडून कॉन्व्हॉयला पांगायला वेळ दिला आणि बहुतेक जहाजं वाचली.

नोंदवह्यांत नावानिशी फारसे न येणारे लोक म्हणजे खलाशी. ब्रिटिश व्यापारी ताफ्यातला जवळपास चौथा हिस्सा भारतीय होता. मुंबईत भरती होणारे डेकवरचे सारंग, तांडेल, खलाशी यांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान मोठ्या संख्येनं. सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या जेवणाखाण्याच्या कामावर, गोव्याचे लोक. गोऱ्या खलाशांच्या तुलनेत त्यांचा पगार कितीतरी कमी. युद्ध सुरू होताच त्यांनी जहाजाजहाजांवर काम बंद करून वाढ मागितली, कित्येकांना ब्रिटनमध्ये तुरुंगात टाकलं, पण शेवटी पगार वाढवावा लागला. भारताच्या मार्गासाठी बांधलेली 'सिटी ऑफ बनारस' 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री बुडाली ती कॅनडाला निघालेल्या लहान मुलांमुळे लक्षात राहिली. 90 पैकी 77 मुलं गेली. त्याच बोटीवरचे शंभराच्या आसपास भारतीय खलाशीही त्या रात्रीच्या थंडीत गेले. एस्कॉर्ट त्याच दिवशी, वर सांगितलेल्या रेखांशाच्या मर्यादेनुसार, परतलेली होती. आठ दिवसांनी सापडलेल्या 12 नंबरच्या होडीत 46 जण होते आणि त्यात बहुसंख्य आपले खलाशी.

जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरला आणि लाल समुद्र धोक्यात आला, कारण मसावा बंदरात इटलीच्या विनाशिका आणि पाणबुड्या होत्या. तेव्हापासून मुंबई-सुएझ मार्गावर 'बीएन' कॉन्व्हॉय सुरू झाले. रॉयल इंडियन नेव्हीकडे तेव्हा 'हिंदुस्तान', 'इंडस', 'क्लाइव्ह', 'कॉर्नवॉलिस', 'लॉरेन्स' अशा थोड्याच स्लूप होत्या आणि लाल समुद्रातल्या राखणीत त्यांतल्या काहींनी भाग घेतला. 20-21 ऑक्टोबर 1940 च्या रात्री, म्हणजे एचएक्स-79 च्या लगेच नंतर, बीएन-7 वर इटालियन विनाशिकांनी हल्ला केला. 32 जहाजं होती. सोबतीला 'लिअँडर' ही क्रूझर, 'किंबर्ली' ही विनाशिका आणि काही स्लूप. कॉन्व्हॉयचं फारसं काही बिघडलं नाही. उलट 'किंबर्ली'नं 'नुल्लो' या विनाशिकेचा पाठलाग करून तिला हार्मिल बेटाच्या किनाऱ्यावर चढायला लावलं, आणि किनाऱ्यावरच्या तोफांनी 'किंबर्ली' स्वतःच जखमी झाल्यावर तिला 'लिअँडर'नं ओढत नेलं. बीएन-7 ची जहाजं ठरल्या वाटेनं सुएझकडे गेली.